घोडी विकून ट्रॅक्टर?

गेल्या महिन्यात एका सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, रविवारी रिकामे असाल तर या. आमच्याकडं ट्रॅक्टरवरून भांडण लागलंय."

मी बँकेत शेती कर्जाच्या टेबलावर सव्वीस वर्षे काढली. त्यामुळे निवृत्तीनंतरही नात्यागोत्यात कुणाला ट्रॅक्टर, पंप नाहीतर म्हैस घ्यायची झाली की मला बोलावणे येते. चहा होतो, जेवण होते, माझे सगळे ऐकून घेतात आणि शेवटी त्यांना जे करायचे तेच करतात. त्याची आता सवय झाली आहे. पण या वेळी भाची पुढे म्हणाली, "हे म्हणतात धाकटी घोडी विकायची आणि डाउन पेमेंट भरायचं." ते ऐकले आणि रविवारची वाट न बघता मी शनिवारीच निघालो.

भाचीचे घर खानापूर रस्त्यापासून आतल्या अंगाला. जावई कन्नड, भाची आमची मराठी. सासूबाई कन्नडच बोलतात, भाची त्यांना कन्नडमध्ये उत्तर देते आणि रागावली की मराठीत येते. मुलांचे अर्धे वाक्य इकडचे, अर्धे तिकडचे. आपल्या वाचकांना असले घर वेगळे वर्णन करून सांगायला नको! जावयांच्या वडिलांचा बेळगावात टांगा होता. रिक्षा आल्या, टांगे गेले, पण घरातला घोडा काही गेला नाही. जावयांनी वरातीच्या घोड्या ठेवल्या. आता दोन आहेत. थोरली चौदा वर्षांची, तिच्या कानाशी डीजे वाजवा नाहीतर फटाक्यांची माळ लावा, ती ढिम्म. धाकटी पाच वर्षांची, पांढरीशुभ्र, अजून थोडी बुजरी. शिवजयंतीच्या मिरवणुकीला आणि लग्नसराईत मागणी असते ती हिलाच. शेती चार एकर. एकभर भात, अर्धा एकर लसूणघास, भात निघाल्यावर थोडा हरभरा, बाकी मका आणि कडब्यासाठी ज्वारी. घरामागे तबेला आणि घोड्यांना फिरवायला गोल रिंगण.

जावई मला मावा म्हणतात. बसल्या बसल्या त्यांनी कागद पुढे केला. पंचेचाळीस एचपीचा नवा ट्रॅक्टर, सोबत रोटाव्हेटर आणि ट्रॉली, सगळे मिळून साडेनऊ लाखांच्या घरात. हातात साडेतीन लाख. त्यात घोडीचे दीड लाख घातले तरी साडेचार उरतात, शिवाय विमा, नोंदणी, पहिले डिझेल. म्हणजे कर्ज पाचाच्या पुढेच. विक्रेत्याने "सहाचे करून टाका, हातात थोडे राहतील" असा सल्लाही दिला होता. गिऱ्हाइकाच्या हातात थोडे राहावेत याची विक्रेत्याला किती काळजी!

"जावईबापू," मी म्हटले, "सहा लाखांवर साडेदहा टक्क्यांनी पहिल्या वर्षी व्याजच साठ हजारांच्या आसपास जाईल. पाच वर्षांची मुदत, सहामाही हप्ता. मुद्दलाचे साठ आणि व्याजाचे साडेएकतीस, म्हणजे पहिला हप्ता साडेएक्याण्णव हजार. तो कोणत्या महिन्यात येणार?"

ते गप्प. भाचीनेच सांगितले, सप्टेंबरात.

इथेच मला सगळे दिसले. वरातीच्या घोडीचे उत्पन्न तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि ज्येष्ठाअखेर संपते. चातुर्मासात लग्ने नाहीत. पैसा येत नाही, पण घोडीची चंदी, नाल, औषध काही थांबत नाही. नेमका त्याच चार महिन्यांत नव्वद हजारांचा हप्ता! कर्ज घेताना व्याजाचा दर सगळे विचारतात, हप्त्याची तारीख कुणी विचारत नाही. माझ्या नोकरीत थकलेली बरीचशी ट्रॅक्टर-कर्जे मी पाहिली, त्यांतली अर्धी तरी तारखेपायी थकलेली होती. उत्पन्न ज्या महिन्यात येते, त्याच्या पुढच्या महिन्यात हप्ता मागून घ्यावा. बँका ऐकतात, पण मंजुरीच्या आधी. नंतर नाही.

आणि धाकटी घोडी? जावयांनी वहीत सगळे लिहून ठेवले आहे, ही गोष्ट मला फार आवडली. गेल्या हंगामात तिच्या पस्तीस वराती झाल्या. टेम्पोभाडे, पोऱ्याची मजुरी, चारा-चंदी, डॉक्टर हे सगळे वजा जाता सत्तर-पंचाहत्तर हजार मागे उरले. दीड लाखाला जी विकायची, ती दोन वर्षांत तेवढे घरात आणून देते. असला व्यवहार कुणी करतो का?

सासूबाई दारात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मन्याग येरड कुदरी अदाव, गोब्बर येळ्याक ट्रॅक्टर यातक?" प्रश्न गमतीचा वाटला तरी खोटा नव्हता. घरात दोन घोड्या उभ्या असताना खत ओढायला इंजिन कशाला? पण जावयांचे उत्तरही बरोबर होते. वरातीच्या घोडीला गाडीला जुंपले की खांद्यावर, छातीवर जू-पट्ट्याचे वण पडतात, केस जातात. पांढऱ्या घोडीवर तर ते लांबून दिसतात. तशा घोडीला वरातीला कोण बोलावणार?

मग मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले. ट्रॅक्टर कोणता हे नंतर. आधी कामे कोणती आणि वर्षाला किती तासांची?

नांगरट, रोटाव्हेटर, चिखलणी. साडेतीन एकराला दोन्ही हंगाम धरून पंधरा तास झाले तर खूप. त्यांच्या गावी भाड्याचा ट्रॅक्टर तासाला हजार-बाराशे घेतो. म्हणजे वर्षाला सोळा-सतरा हजार. एवढ्यासाठी साडेनऊ लाख घालायचे कारणच नाही. मोठी मशागत भाड्याने करावी, हे मी इतक्या जणांना सांगितले आहे की आता मलाच कंटाळा येतो. कर्नाटकात २०१४ पासून 'कृषी यंत्रधारे' नावाने अवजारे भाड्याने देणारी केंद्रे सुरू झाली. जवळ असेल तर तिथले दरही विचारावेत.

खरे काम वेगळेच आहे. घोड्यांच्या घरी ट्रॅक्टर लागतो तो लिदीसाठी. दोन घोड्यांची लीद आणि खालची ओली पिंजर मिळून रोज पन्नास किलो सहज निघते. वर्षाला अठरा टन! आज हे सगळे भाची आणि जावई घमेल्याने आणि ढकलगाडीने शेताच्या टोकाला नेतात. भाचीची कंबर गेली आहे ती यानेच, आणि भांडणाचे मूळही तेच होते. जावयांना बायकोची कंबर वाचवायची होती, त्यासाठी ते घोडी विकायला निघाले होते, आणि बायकोला ते कळत नव्हते. त्यांनी तसे सांगितलेच नव्हते. असो.

लिदीबरोबर चाराही आहे. घोडीला दिवसाला सात-आठ किलो वाळली वैरण धरली तर दोघींची वर्षाला पाच-सहा टन, शिवाय हिरवी. ती शेतातून आणायची, पाऊस यायच्या आत आणायची. कारण घोड्याला बुरशी आलेला कडबा चालत नाही. म्हैस एकवेळ खाऊन रवंथ करते, घोड्याला पोटशूळ उठतो आणि रात्र काढणे मुश्कील होते. तिसरे काम रिंगणाचे. उन्हाळ्यात मुरूम दगडासारखा होतो आणि घोडीचे पाय भरून येतात. महिन्यातून दोनदा वरवर फण फिरवून मागे फळी ओढली की जमीन मऊ राहते.

ही तिन्ही कामे हलकी, पण रोजची नाहीतर आठवड्याची. त्यांना पंचेचाळीस एचपी लागत नाही. "मग मावा, पंधरा एचपीचा मिनी?" जावयांनी विचारले, आणि मीही जोरात होकार दिला. महिंद्रा युवराज, स्वराज ७१७ हे पंधरा एचपीचे. बेंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीचा शक्ती साडेअठराचा. नवे घेतले तरी साडेतीन लाखांच्या आसपास बसतात. भाताच्या चिखलात हलका ट्रॅक्टर रुतत नाही, लसूणघासाच्या पट्ट्यातून सहज जातो, डिझेल कमी पितो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. जुने दरपत्रक पुढे करणाऱ्या दुकानदाराला ती तारीख जरूर दाखवावी. मी अगदी निकाल दिल्यासारखा पेन खाली ठेवला.

भाची म्हणाली, "मामा, जरा बाहेर या."

तिने मला रस्त्यावर नेले. त्यांचे घर खाली, गावचा रस्ता वर. मधला दोनशे पावलांचा उतार चांगलाच तीव्र, पावसाळ्यात लाल मातीचा नुसता लोण्याचा गोळा. ती म्हणाली, "कडब्याची भरलेली ट्रॉली घेऊन हा मिनी इथून उतरताना कोण कुणाला ओढणार?"

मी निरुत्तर झालो. पंधरा एचपीच्या मिनीचे स्वतःचे वजन आठशे किलोच्या आसपास. मागे दीड-दोन टनांची ट्रॉली. चढावर एकवेळ इंजिन ओढेल, पण उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते, मागचे चाक घसरते आणि ट्रॉली आडवी येते. त्याला घडी घालणे म्हणतात आणि त्यात माणसे जातात. ट्रॅक्टर घेताना आपण ओढायची ताकद विचारतो. थांबवायची ताकद ही ट्रॅक्टरच्या वजनातून आणि ब्रेकमधून येते, ती कुणी विचारत नाही. सपाट रानात मिनी हे उत्तम यंत्र आहे, ज्यांच्या शेताला उतार नाही त्यांनी खुशाल घ्यावे. पण या घराला ते चालणार नव्हते. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा टेंभा मिरवणाऱ्या मला हे रोज घमेले उचलणाऱ्या पोरीने दाखवले.

म्हणजे उरला मधला रस्ता. तीस ते पस्तीस एचपीचा, तीन सिलिंडरचा, जुना पण धडका ट्रॅक्टर. महिंद्रा २६५, मॅसी फर्ग्युसन १०३५ या वर्गातले ट्रॅक्टर आपल्या भागात गावोगावी आहेत, सुटे भाग तालुक्याला मिळतात, मिस्त्री डोळे झाकून उघडतो. थोड्या पैशांत घ्यायचे तर अनोखे यंत्र घेऊ नये.

एक गोष्ट आधी सांगतो. अनुदान हवे असेल तर खरेदीच्या आधी होबळीच्या रयत संपर्क केंद्रात पहाणी, आधार घेऊन जावे. आधी घेऊन मग अर्ज केला तर कोणी विचारत नाही. आणि जुन्या यंत्राला अनुदान नसते. जावयांनी चौकशी केली, पण ते मिळेपर्यंतचा काळ आणि भाचीची कंबर यांचे गणित जुळेना, म्हणून जुन्याकडे वळलो.

तीन ट्रॅक्टर पाहिले. पहिला चिकोडी भागातला, चार वर्षांचा, रंग नवा, टायर नवे, किंमत मोहात पाडणारी. जावई खूश. मी मागे जाऊन हूक पाहिला. भोक गोल राहिलेले नव्हते, अंड्यासारखे लांबट झाले होते. हा उसाचा ट्रॅक्टर. आपल्याकडच्या कारखान्यांच्या हंगामात हे दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून रात्रंदिवस पळतात. चार वर्षांत दहा वर्षांची झीज, क्लच, गिअर आणि ब्रेकची. गळीत संपले की मार्च-एप्रिलमध्ये असे रंगवलेले ट्रॅक्टर बाजारात येतात. तासाचा मीटर बदलता येतो, पण हुकाचे भोक खोटे बोलत नाही.

दुसरा एका फायनान्सने ओढून आणलेला. स्वस्त होता, पण चासीवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर यांत एक आकडा वेगळा. लिहिणाऱ्याची चूकही असेल. आम्ही चहा न घेताच परतलो.

तिसरा गडहिंग्लज तालुक्यात, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा, २०१४ सालचा, तीस एचपीचा. मुलगे पुण्याला, शेती खंडाने दिलेली. तिथे पहाटे साडेसहालाच न सांगता पोचलो. बोनेटला हात लावला, गार होते. हे महत्त्वाचे. गिऱ्हाईक येणार म्हणून आधीच चालू करून गरम केलेले इंजिन आपले दुखणे लपवते. पहिल्या स्टार्टला लागला. क्षणभर काळा धूर, मग साफ. निळसर धूर येत राहिला असता तर इंजिन तेल पीत आहे असे समजावे. ऑइलचे झाकण काढून पाहिले, वाफेसारखा जोराचा धूर नव्हता. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ नव्हते. मागे कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद केले आणि पंधरा मिनिटे बोलत बसलो. बोटभर खाली आला, तेवढे चालते. धाडकन आला असता तर हायड्रोलिकचा खर्च. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहिले, मग एकत्र. उतारासाठी घेत होतो, म्हणून त्यांच्याच गावच्या चढावर नेऊन थांबवून पाहिला. मागचे टायर मात्र संपत आलेले. ते दाखवून किंमत दोन लाख साठवरून दोन चाळीसवर आली. जुनी ट्रॉली साठ हजार. उरलेल्या पन्नासांत एक जोडी टायर, ब्रेकचे काम आणि एक जुना कल्टिव्हेटर. अंथरूण पाहून पाय पसरले. सासूबाईंच्या भाषेत हासिगे इद्दष्टु कालु चाचु.

जावयांचा एक हट्ट मात्र मी मोडून काढला. त्यांना त्याच ट्रॉलीतून घोड्या लग्नाला न्यायच्या होत्या, टेम्पोचे भाडे वाचेल म्हणून. पत्र्याचा निसरडा तळ, कडेला कमरेएवढी फळी, प्रत्येक खड्ड्याचा दणका. घोडी बुजून उडी मारली तर? टेम्पोचे भाडे द्यावे.

घरी आणल्यावर धाकटी पहिल्या दिवशी थाणावरच उभी राहून थरथरली. मग जावयांनी युक्ती केली. चार दिवस ट्रॅक्टर बंदच ठेवून तबेल्यापासून लांब उभा केला आणि तिची चंदीची बादली त्याच्या चाकाशी ठेवली. पाचव्या दिवशी ती खात असताना दुसऱ्याने लांबून चालू केला. आता ती त्याच्या बोनेटला अंग घासते. तबेल्यात मात्र ट्रॅक्टर लावायचा नाही, हा नियम भाचीने केला. धूर घोड्यांच्या छातीला वाईट, आणि पिंजर-कडब्यात एक ठिणगी पुरे. ट्रॉली झाडल्याशिवाय तिच्यात वैरण भरायची नाही, हाही तिचाच. तारेचा तुकडा, खिळा चाऱ्यात गेला किंवा खुरात घुसला तर भीती. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याची लस दरवर्षी चुकवू नये. आणि ताजी लीद घासाच्या रानात टाकायची नाही. तिच्यातल्या जंतांची अंडी परत घोडीच्याच पोटात जातात. खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवून, मधून उलथून, मग शेतात.

आणखी एक, विशेषतः घरातल्या बायकांसाठी. पीटीओवर कडबाकुट्टी चालवणार असाल तर फिरत्या दांड्यावरचे झाकण आधी बसवून घ्या. जुन्या ट्रॅक्टरला ते बहुधा नसतेच. साडीचा पदर, ओढणी, शाल त्या दांड्यात गेली की ओढून घ्यायला क्षण लागत नाही. आम्ही मिस्त्रीकडून ते झाकण पहिल्याच दिवशी लावून घेतले.

खंडेनवमीला त्यांच्याकडे खोगीर आणि लगामाची पूजा होते, यंदा शेजारी ट्रॅक्टरही असेल. अंकलीचे अश्व माउलींच्या पालखीसाठी पायी आळंदीला निघतात, त्या दिवसांत सासूबाई घोड्यांच्या पायांवर पाणी घालतात. धाकटी विकली असती तर यंदा एकाच घोडीच्या पायावर घालावे लागले असते. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला जेवायला दोनदा होळिगे वाढली.

कागदाचे काम अजून चालू आहे. गाडी एमएच-०९ ची, ती केए-२२ मध्ये आणायची. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग नाव बदलण्याचे २९ आणि ३०. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेच्या पत्रासह ३५. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, ती विसरू नये. इकडे कर किती बसतो ते आधी विचारून ठेवावे. म्हाताऱ्या शेतकऱ्याची एकदा फेडलेल्या कर्जाची नोंद आरसीवर तशीच राहिली होती, ती काढायला त्यांचा मुलगा पुण्याहून येणार आहे. व्यवहार ठरतानाच मी दोघांच्या संमतीने वीस हजार मागे ठेवले. ते माझ्या कपाटात पाकिटात आहेत, वर दोघांच्या सह्या आहेत. ज्या दिवशी आरसीवर जावयांचे नाव येईल, त्या दिवशी मी ते घेऊन गडहिंग्लजला जाणार आहे.